आईच्या पेसमेकरचं कार्ड आणि ऑब्सिडियन: दोन वर्षं वापरल्यानंतर

आईच्या पाठीचा एमआरआय करायचा होता. आत घ्यायच्या आधी टेक्निशियनने विचारलं, पेसमेकर आहे ना, मग कार्ड दाखवा. पेसमेकर बसवला की एक छोटं कार्ड देतात, त्यावर मशीनचं मॉडेल, सिरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि हृदयात सोडलेल्या तारांची म्हणजे लीडची माहिती असते, आणि एमआरआय करता येईल की नाही हे नुसत्या मशीनवरून ठरत नाही, मशीन आणि लीड दोन्ही एमआरआयला चालणारे आहेत का ते आधी बघावं लागतं. त्या कार्डाचा फोटो माझ्याकडे होता, काढलेला मला स्पष्ट आठवत होता. फोनच्या गॅलरीत शोधला, दादाबरोबरच्या व्हॉट्सॲप चॅटमध्ये शोधला, स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलांमध्ये शोधला, एका जुन्या नोट्स ॲपमध्ये शोधला, यात चाळीस मिनिटं गेली आणि आमचा नंबरही गेला. तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. आई काही बोलली नाही, पण रात्रभर पाठ धरून ती या कुशीवरून त्या कुशीवर होत होती आणि मी शेजारच्या खाटेवर जागी होते.

फोटो त्याच रात्री सापडला. गॅलरीतच होता, नुसता लांबलचक आकडा हे त्याचं नाव, पुढेमागे कुठल्याशा सहलीचे फोटो. म्हणजे माहिती हरवली नव्हतीच, तिच्यापर्यंत जायची वाट नव्हती. त्या आठवड्यात मी ठरवलं की घरातल्या चौघांची कामाची सगळी माहिती एका जागी आणायची, आणि त्यासाठी ऑब्सिडियन हे नोट्स लिहून ठेवायचं ॲप निवडलं. आता दोन वर्षं होऊन गेलीत, म्हणून नीट सविस्तर लिहितेय, कारण या ॲपबद्दल जे व्हिडिओ मिळतात ते बहुतेक अभ्यास, संशोधन, लेखन करणाऱ्यांसाठी असतात. घरची कागदपत्रं, तब्येतीच्या नोंदी, वॉरंट्या, मुदती या कामासाठी ते कसं आहे हे फार कोणी सांगत नाही.

आधी ॲपबद्दल थोडक्यात. एरिका शू आणि शिदा ली या दोघांनी २०२० मध्ये ते आणलं, फोनवरचं ॲप २०२१ मध्ये आलं आणि १.० आवृत्ती २०२२ मध्ये. वैयक्तिक वापराला पहिल्यापासून फुकट आहे, २०२५ पासून ऑफिसच्या कामाला वापरलं तरी लायसन्सची सक्ती नाही. खातं उघडावं लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही, उतरवून घेतलं की सुरू. पैसे लागतात ते त्यांची स्वतःची सिंक सेवा (फोन आणि लॅपटॉपवरच्या नोट्स एकसारख्या ठेवणारी) घेतली तर, किंवा नोट्स वेबसाइट म्हणून लोकांपुढे मांडायच्या असतील तर. सिंकचं पुढे बोलते.

मी हे का निवडलं त्याचं कारण एकच, आणि ते मला अजूनही सगळ्यात मोठं वाटतं. तुम्ही लिहिलेली प्रत्येक नोट ही तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या एका साध्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल असते. त्या फोल्डरला हे लोक व्हॉल्ट म्हणतात. मजकूर मार्कडाउनमध्ये असतो, म्हणजे शीर्षकाआधी # टाकायचं, यादीला आडवी रेघ द्यायची, ठळक हवं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या (**), बस. ही पद्धत जॉन ग्रुबरने २००४ मध्ये आणली आणि तिचं बलस्थान हे की कुठलंच ॲप नसलं तरी नोटपॅडमध्ये फाइल उघडली की माणसाला वाचता येते. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी माझ्या आईची माहिती माझ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी राहणार. ही भीती हवेतली नाही हो, गूगल नोटबुक २०१२ मध्ये बंद झालं, स्प्रिंगपॅड २०१४ मध्ये बंद झालं, आणि त्यात लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं होतं. मी स्वतः आधी जे ॲप वापरायचे (नाव लिहीत नाही) त्यातून बाहेर पडायला गेले तेव्हा मजकूर आला पण जोडलेल्या फायली अशा निघाल्या की कुठली कुठल्या नोटची ते कळेना, अडीचशे फायली एकेक उघडून बघितल्या मी, तीन रविवार गेले. तेव्हापासून कुठलंही ॲप घेताना मी आधी त्यातून बाहेर पडायचा रस्ता बघते. तुमच्या नोट्स एव्हरनोट, वननोट, ॲपल नोट्स, नोशन, गूगल कीप यांपैकी कशात असतील तर ऑब्सिडियनवाल्यांनीच केलेलं इम्पोर्टर नावाचं प्लगइन, म्हणजे ॲपला वरून जोडायची जादा सोय, आहे, ते आधी घ्या, हाताने कॉपी-पेस्ट करत बसू नका.

आता मांडणी. इथे माझे पहिले दोन महिने वाया गेले आणि तुमचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. मी सुरुवातीला फोल्डर केले, फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात अजून फोल्डर: वैद्यकीय, त्यात आई, त्यात रिपोर्ट, त्यात साल. दिसायला सुंदर. पण नवीन कागद आला की प्रश्न पडायचा, आईच्या मेडिकल इन्शुरन्सची पॉलिसी वैद्यकीयमध्ये ठेवायची की इन्शुरन्समध्ये की आईमध्ये? ठरेना म्हणून तो कागद डेस्कटॉपवरच पडायचा, आणि असे पडता पडता परत पूर्वीसारखंच व्हायला लागलं. मग सगळे फोल्डर मोडले आणि एक वेगळी गोष्ट केली, माणसामागे एक नोट. 'आई', 'बाबा', 'दादा', 'मी'. आणि प्रत्येक कागदाची, वस्तूची, आजाराची आपापली वेगळी नोट, आणि त्यांच्यात लिंक.

लिंक हाच ऑब्सिडियनचा जीव आहे. दोन चौकटी कंस टाकायचे, आत दुसऱ्या नोटचं नाव, [[आईचा पेसमेकर]] असं, झाली लिंक. त्या नावाची नोट नसली तरी चालतं, लिंकवर क्लिक केलं की तयार होते. आणि उलट्या बाजूनेही दिसतं, म्हणजे आईच्या नोटमध्ये उभं राहिलं की कुठल्या कुठल्या नोटमधून आईकडे बोट दाखवलंय त्याची यादी बाजूला येते, तिला बॅकलिंक म्हणतात. त्यामुळे पॉलिसी कुठे ठेवायची हा प्रश्नच उरला नाही. पॉलिसीची एक नोट, तिच्यात [[आई]] आणि [[मेडिकल इन्शुरन्स]] दोन्हींच्या लिंक, आता कुठूनही शिरा, पोचता. घरात एकाच वस्तूला दोन दारं ठेवता येत नाहीत, इथे येतात. माझ्याकडे आता फक्त तीन फोल्डर आहेत, नोट्स, फायली आणि जुनं. तेवढे पुरतात.

त्या गोल गोल ठिपक्यांचा आणि रेघांचा जो ग्राफ सगळ्या व्हिडिओंत दाखवतात तो घरच्या माहितीसाठी मी दोन वर्षांत एकदाही कामाला घेतलेला नाही. दिसतो छान.

एका नोटमध्ये काय लिहायचं ते पेसमेकरचं उदाहरण घेऊन सांगते. सगळ्यात वर कार्डाचा फोटो. पण फोटो लावून थांबायचं नाही, हे मला फार कळकळीने सांगायचंय, फोटोतली अक्षरं ऑब्सिडियनच्या मूळ शोधात येत नाहीत, पीडीएफच्या आतला मजकूरही येत नाही. त्यासाठी वेगळी प्लगइन्स आहेत, ओम्नीसर्चसारखी, पण मी त्यावर अवलंबून राहत नाही. फोटोखाली मी हाताने टाइप करते: मॉडेल, सिरियल नंबर, बसवल्याची तारीख, दोन्ही लीडचे नंबर, डॉक्टरांचं नाव, शेवटचं चेकिंग कधी झालं, बॅटरी किती उरली म्हणाले, आणि एमआरआय चालतो का, चालत असेल तर स्कॅनच्या आधी मशीन एमआरआय मोडवर टाकायला आणि नंतर परत पूर्ववत करायला कोणाला बोलवावं लागतं. टाइप करताना दोनदा ताडून बघायचं, कारण सिरियल नंबरात शून्य आणि ओ यांची अदलाबदल अगदी सहज होते. पाच मिनिटांचं काम आहे. मूळ कार्ड कुठल्या कपाटात, कितव्या खणात, कुठल्या रंगाच्या पाकिटात आहे तेही त्याच नोटमध्ये. कागद स्वतः कुठे आहे ही ओळ प्रत्येक नोटमध्ये असायलाच हवी, मी आधी ती लिहायचे नाही, आता ती पहिली लिहिते.

चष्म्याच्या नंबराची नोटही अशीच, स्फेरिकल, सिलिंडर, ॲक्सिस, दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे, आणि जुने नंबर न खोडता खाली तारखेने. जुना आकडा खोडायचा नाही हा नियम तब्येतीच्या सगळ्या नोंदींना लावा. डॉक्टरांना आजचा क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) किती ते रिपोर्टात दिसतंच, त्यांना हवं असतं ते वर्षापूर्वी किती होता, आणि तो रिपोर्ट घरी कोणाला सापडत नसतो.

आणि याच चष्म्यापाशी मला शोधाचा तो घोळ लक्षात आला. यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण मराठीत नोट्स ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे छळतं आणि बहुतेकांना वाटतं आपली नोटच उडाली. मी शोधात 'चष्मा' टाइप केलं. काही नाही. नोटमध्ये सगळीकडे 'चष्म्याचा नंबर', 'चष्म्याचं दुकान' असं लिहिलेलं. आपल्याला चष्मा आणि चष्म्याचा हा एकच शब्द वाटतो, पण मशीन अक्षरं जुळवतं आणि सामान्यरूप झालं की अक्षरं बदलतात. इंग्रजीत शब्द तसाच राहतो नि पुढे वेगळा शब्द येतो, म्हणून त्यांना हा त्रास नाही. विमा शोधला तर 'विम्याचा हप्ता' येत नाही, कुलूप शोधलं तर 'कुलपाची किल्ली' येत नाही, पावती शोधली तर 'पावत्या' येत नाहीत. हा दोष एका ॲपचा नाही, अक्षराला अक्षर जुळवून शोधणाऱ्या कुठल्याही ठिकाणी हेच होणार. उपाय साधा आहे, शेवटचा काना-मात्रा सोडून द्यायचा. 'चष्म' शोधा, दोन्ही येतात. 'विम', 'पावत', 'डोळ'. कुलूपसारख्या शब्दात मधलंच अक्षर बदलतं, तिथे 'कुल' एवढंच. नोटचं नुसतं शीर्षक शोधायला जो क्विक स्विचर आहे, कंट्रोल आणि ओ दाबल्यावर येतो तो, त्यात जरा सैल जुळणी चालते त्यामुळे तिथे एवढं अडत नाही, अडतं ते आतला मजकूर शोधताना.

दुसरा घोळ याहून लबाड. अॅलर्जी आणि ॲलर्जी. डोळ्यांना दोन्ही एकच, पण पहिल्यात अ आणि त्यावर वेगळा चंद्र अशी दोन चिन्हं आहेत आणि दुसऱ्यात ॲ हे सबंध एकच चिन्ह आहे, जे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे कॉम्प्युटर वापरतात त्या अक्षरांच्या यादीत, २००८ मध्ये आलं. कुठला कीबोर्ड पहिलं टाकतो, कुठला दुसरं. माझा फोन एक लिहायचा आणि लॅपटॉप दुसरं, त्यामुळे फोनवर लिहिलेली 'आईला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे' ही नोट लॅपटॉपवरच्या शोधात यायचीच नाही. विचार करा, कुठली माहिती लपत होती ती! 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यातला ऱ्या सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि दिसतो सारखाच. आणि आकडे, मराठी आकड्यांत लिहिलेला नंबर इंग्रजी आकड्यांनी शोधला तर मिळत नाही. मी मग नियम केला, मजकूर मराठीत, पण कागदावर छापलेला कुठलाही नंबर कागदावर जसा आहे तशाच आकड्यांत, आणि तारखा सगळीकडे एकाच साच्यात, आधी साल, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा. असं लिहिलं की नावाप्रमाणे लावल्यावर नोट्स आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नोटच्या शीर्षकात तिरकी रेघ चालतच नाही, त्यामुळे १२/३ अशी तारीख तिथे तशीही टाकता येणार नाही.

यावर ऑब्सिडियनमध्ये जो खरा इलाज आहे तो म्हणजे अलायस, टोपणनाव म्हणा. नोटच्या वर प्रॉपर्टीजचा भाग असतो, तिथे एकाच नोटला पाहिजे तेवढी दुसरी नावं देता येतात. माझ्या पॉलिसीच्या नोटला विमा, वीमा, इन्शुरन्स, इन्शुअरन्स, पॉलिसी, मेडिक्लेम अशी सगळी नावं दिलीत. कुठलंही टाइप केलं की तीच नोट पुढे येते. नावं देताना मी स्वतःला एकच विचारते, घाईत असताना माझ्या तोंडात कुठला शब्द येईल? आणि दादाच्या तोंडात कुठला? आमच्यात मी 'पावती' म्हणते, तो 'बिल' म्हणतो, बाबा 'कागद' म्हणतात. तिन्ही घातले.

टॅग, म्हणजे नोटवर # लावून चिकटवायच्या खुणेच्या चिठ्ठ्या, मी फार थोडे ठेवलेत, पाचच. टॅगमध्ये मधे जागा सोडता येत नाही एवढं लक्षात ठेवा, दोन शब्द असतील तर आडवी रेघ घाला. सुरुवातीला मी चाळीस टॅग केले होते, कुठला कशाला दिला ते मलाच आठवेना, काढून टाकले.

मुदतींसाठी २०२५ मध्ये आलेलं बेसेस हे फीचर मला फार आवडलंय. प्रत्येक नोटला प्रॉपर्टी देता येते ना, तशी मी 'मुदत' नावाची एक तारीख देते, पासपोर्टला, लायसन्सला, गाडीच्या विम्याला, फ्रिजच्या वॉरंटीला, पाणी गाळायच्या फिल्टरला. बेसेस त्या सगळ्या नोटांचा एक तक्ता करून देतं, मुदतीप्रमाणे लावून. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो तक्ता उघडते आणि पुढच्या तीन महिन्यांत काय संपतंय ते बघते. पासपोर्टची मुदत मी खऱ्या तारखेच्या आठ महिने आधीची टाकते, कारण बरेच देश प्रवासाच्या वेळी पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा असावा असं मागतात, त्यामुळे छापलेली तारीख ही खरी शेवटची तारीख नसते. एक गोष्ट समजून घ्या, ऑब्सिडियन स्वतःहून आठवण करून देत नाही, घंटी वाजत नाही. तक्ता आपण उघडायचा. ज्याला घंटी हवी त्याने त्या तारखा कॅलेंडरमध्येही टाकाव्यात, मी महत्त्वाच्या पाच-सहा टाकल्यात.

आता सुरक्षेबद्दल, आणि इथे मी कोणालाच सूट देणार नाही. फायली साध्या टेक्स्ट आहेत हे बलस्थान आहे तसाच तो धोकाही आहे. ऑब्सिडियन तुमच्या कॉम्प्युटरवरचा व्हॉल्ट कुलूपबंद करत नाही, लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात गेला तर सगळं उघडं. म्हणून आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा, विंडोजला बिटलॉकर, मॅकला फाइलव्हॉल्ट, आणि फोनला नीट पासकोड. पासवर्ड, पिन, कार्डाच्या मागचा तीन आकडी नंबर यातलं काहीही नोट्समध्ये नको, कितीही सोयीचं वाटलं तरी नको, त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपाससारखं पासवर्ड मॅनेजर घ्या. माझ्या बँकेच्या नोटमध्ये खातं कुठे आहे, नॉमिनी कोण आहे, कोणाला फोन करायचा, एवढंच आहे, आणि 'पासवर्ड मॅनेजरमध्ये बघ' अशी ओळ.

प्लगइन्सचंही तसंच. बाहेरच्या लोकांनी बनवलेली हजारो प्लगइन्स आहेत आणि बघितलं की सगळी घ्यावीशी वाटतात. पण प्लगइनला वेगळ्या खोलीत ठेवलेलं नसतं, ते ॲपला जे जे करता येतं ते करू शकतं, तुमच्या फायली वाचू शकतं, इंटरनेटवर जाऊ शकतं. म्हणूनच नवीन व्हॉल्टमध्ये ती बंदच असतात, तुम्ही मुद्दाम चालू करावी लागतात. ज्या व्हॉल्टमध्ये आईचे रिपोर्ट आहेत तिथे मी इम्पोर्टर वापरून काढून टाकलं आणि बाकी एकही बाहेरचं प्लगइन नाही. अभ्यासाचा दुसरा व्हॉल्ट आहे, तिथे प्रयोग करते. दोन व्हॉल्ट वेगळे ठेवता येतात हे अनेकांना माहीतच नसतं.

सिंकवर मी पैसे देते. लॅपटॉप आणि फोन यांच्यात नोट्स जुळवायला त्यांची सेवा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर जे जातं ते त्यांनाही वाचता येत नाही, आणि त्याचीच दुसरी बाजू ही की एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरलात तर तेही परत मिळवून देऊ शकत नाहीत. मी तो कागदावर लिहून घरातल्या लोखंडी पेटीत ठेवलाय. पैसे द्यायचे नसतील तर सगळी उपकरणं ॲपलची असणाऱ्यांना आयक्लाउड आहे, बाकीच्यांना सिंकथिंगसारखे मार्ग आहेत, पण एकाच व्हॉल्टवर दोन सिंक एकदम लावू नका, एकाच नोटच्या दोन प्रती होतात आणि खरी कुठली ते शोधत बसावं लागतं. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, एकीकडे चुकून पुसलं की दुसरीकडूनही पुसलं जातं. ॲपमध्ये फाइल रिकव्हरी आहे, ठरलेल्या सेटिंगमध्ये ती दर पाच मिनिटांनी प्रत घेते आणि सात दिवस ठेवते, मी ते दिवस वाढवून घेतलेत. त्याशिवाय तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम मी पाळते. बाहेरची प्रत दादाकडे आहे, एका एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर, तो आला की बदलून नेतो.

कोणाला हे घेऊ नका म्हणेन? ज्यांना फक्त सामानाची यादी आणि एखादा फोन नंबर टिपायचाय त्यांना गूगल कीप भरपूर झालं, २०१३ पासून आहे, उघडलं की लिहिता येतं. घरातल्या चार जणांनी एकाच वेळी एकाच नोटमध्ये लिहायचं असेल तर त्यासाठी नोशन किंवा वननोट जास्त सोयीचं पडेल, ऑब्सिडियन मुळात एका माणसाच्या हातातलं साधन आहे, शेअर केलेल्या व्हॉल्टवर काम करता येतं पण दोघं एकाच वाक्यावर लिहितायत असं तिथे होत नाही. आणि ज्यांना ॲपचा कोडसुद्धा उघडा हवाय त्यांनी जॉप्लिन बघावं, ते पूर्ण ओपन सोर्स आहे, ऑब्सिडियन तसं नाही, फायली तुमच्या पण ॲपचा कोड त्यांचा. माझ्यापुरतं मी हे मान्य केलंय कारण ॲप गेलं तरी फायली राहतात, पण हे माहीत असून निवडावं. नव्या माणसाला पहिले दोन आठवडे जड जातात हेही खरंय, बाबांना मी शिकवायचा प्रयत्न केला आणि मार्कडाउनच्या फुल्या आणि रेघा बघून ते म्हणाले, तू लिही, मला छापून दे.

आणि बाबांचं तेच वाक्य या सगळ्यातलं सगळ्यात उपयोगी निघालं. माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं की मी स्वतः आजारी पडले, प्रवासात असले, फोन बंद असला, तर एवढ्या निगुतीने लावलेल्या नोट्स कोण उघडणार? आता 'घरी कोणीही वाचावं' नावाची एक नोट आहे, तिच्यात प्रत्येकाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि डोस, मोठे आजार आणि ऑपरेशनं, डॉक्टरांचे नंबर, मूळ कागद कुठे आहेत, एवढंच. ती पीडीएफ करून छापते, ही सोय कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्येच आहे, आणि एक प्रत फ्रिजच्या दारावर पाकिटात, एक आईच्या पर्समध्ये. दर तीन महिन्यांनी जुनी फाडून नवी.

पहिली प्रत छापून मी आईच्या हातात दिली तेव्हा तिने चष्मा लावून सगळी सावकाश वाचली. बोट ठेवत ठेवत. मग म्हणाली, "अगं, हे चुकलंय. मला पुरळ त्या गोळीने नव्हतं आलं, इंजेक्शनने आलं होतं, गोळी तर मी नंतर कितीतरी वेळा घेतली."

मी सहा वर्षं चुकीचं सांगत होते, तीन डॉक्टरांना सांगितलं होतं. लॅपटॉप तिच्या शेजारी घेऊन बसले आणि ती सांगत गेली तसं सगळं परत लिहिलं, इंजेक्शनचं नाव तिला आठवत नव्हतं, पण जुन्या फाइलमधलं डिस्चार्ज कार्ड कुठे आहे ते आता नोटमध्ये होतं, खालच्या खणात, निळ्या पाकिटात. तीच उठून घेऊन आली.